उकंड्याच्या हातावर

२ जानेवारी १९६४
ह्यायनं रेल्वेच्या हापिसातून एक डायरी आणून देल्ली. मागच्या सालची हाय. तारखा कामाच्या, वार सारे चुकीचे. म्हणे तू चवथी शिकेल हायेस, लिहीत जाय, नाही तं सारं इसरून जाशीन. आजपासून रोज लिहीन. एकबी दिवस चुकवाचा नाही.
हे संध्याकाळच्या गाडीनं गँगवर गेले. आता शिमगा झाल्यावरच येतीन. जाताजाता बजावलं, टिनाचे चाळीस रुपये गाडग्यात हायेत, त्याले हात लावजो नको. पाण्याच्या आधी चुलीवरच्या छपरावर टिना टाकाच्या हायेत.
मी म्हटलं हाव.
गाडग्यात आता पाच रुपये हायेत हे सांगतलं नाही. बाकीचे कुठी गेले नाहीत. बायांकडे हायेत. सुखरूप हायेत.

७ जानेवारी
चार दिवस लिहिणं झालं नाही. लेकरानं, उकंड्यानं, दौत सांडली असती म्हणून डायरी काढलीच नाही.
आज सारं नीट लिहून ठेवतो. म्हणजे मन साफ राह्यते.
आमची चाळ जिनाच्या, कापसाच्या कारखान्याच्या, मागं. बाया जिनात रुई येचतात. पगार दर बाजाराच्या दिवशी. बाजाराच्या दोन दिवस आधी कोणाच्याच घरी तेल नसते, मीठ नसते. मंग माह्याकडे येतात. मी कोणाले पाच देतो, कोणाले दहा. पगार झाला का परत आणून देतात. बस. याच्यात वाईट काय हाय?
मी व्याज घेत नाही. व्याज पेठेतला सावकार घेते. पंजाबराव मुकादम उचल देते आन पगारातून कापून घेते. मी कापत नाही. बाया पैसे परत द्याले येतात तवा उकंड्याच्या हातावर काही ठेवतात. दहा नेले असतीन तं रुपया, पाच नेले असतीन तं आठ आणे. लेकराच्या हातावर तं सारेच ठेवतात. पाव्हणा आला का ठेवते. त्याले कोणी व्याज म्हणते का?
मी तोंडानं कधी मागत नाही. कोणी इसरलं तं उकंड्याले कडेवर घेऊन समोर उभी राह्यतो. तेवढंच.

९ जानेवारी, बाजार
उकंड्याच्या हातावर आज साडेतीन रुपये आले. त्याच्या डालड्याच्या डब्यात टाकले. तो डबा त्याचा हाय. त्याले हात लावाचा नाही.
दीड रुपया काढला. जिलेबी आणली. मी खाल्लं तं दूध येते, दूध आलं तं उकंडा पिते. म्हणजे त्याचेच पैसे त्याच्याच पोटात गेले.
जमीलाभाभी येऊन गेली. रुपया ठेवला उकंड्याच्या हातावर. दहा काही अजून जमले नाहीत म्हणे. मी म्हटलं राहू दे व भाभी, घाई कायची.
तिचा नवरा बशीर टांगा चालवते. मार्गशीर्षात टांगा उलटला, पाय मोडला, घरीच पडला हाय. तवा वीस डिसेंबरले दहा नेले तिनं. तवापासून दर बाजारी रुपया ठेवते. आज तिसरा.
तिच्याबद्दल लिहाले पाह्यजे. माही पहिली पोरगी सव्वा महिन्याची होऊन गेली. म्हणून हा झाला तवा सासूनं याले उकंड्यावर नेऊन ठेवलं, का काळाले वाटावं हा कचरा हाय, नेऊ नये. दुसऱ्या बाईनं उचलाचा असते. जमीलाभाभीनं उचलला. मले ताप होता, दूध नव्हतं. नऊ दिवस तिनं पाजला. तिची पोरगी तवा वरसाची होती. एकीकडे तिले, एकीकडे याले. म्हणते हा माहा दूधबेटा हाय.
हे कशाले लिहिलं काय माहीत. हिशेबात याचं काही काम नाही.

१४ जानेवारी, संक्रांत
वाण द्याले रुखमाबाईकडे गेली. शेजारची खोली तिची. तोंडानं लय तिखट. म्हणे घे व उकंड्याची माय तिळगूळ, गोड बोल आन रेट कमी कर.
साऱ्या बाया हासल्या. मीबी हासली. घरी येऊन राग आला. रेट म्हणे. माह्या लेकराच्या हाताले रेट लावते.

१७ जानेवारी
जमीलाभाभीचे रोजे लागले. दिवसभर पाण्याचा थेंब नाही आन जिनात रुईची धूळ खात बसते. धन्य बाई. माह्याच्यानं एकादस होत नाही, दुपारीच शेंगदाणे आठवतात.
काल बाजार होता. रुपया ठेवला तिनं.

२३ जानेवारी, बाजार
लय भेव वाटून राह्यलं.
रुखमाबाई पेठेतून आली. म्हणे सावकाराच्या दुकानात सरकारचा साह्यब आला होता, साऱ्या वह्या उचलून नेल्या. सावकारी कराले लायसन लागते म्हणे. लायसन नसंन तं गुन्हा. ज्याले पैसे देल्ले त्याले कागदावर लिहून द्या लागते का एवढे देल्ले, एवढं व्याज, एवढे आले, एवढे राह्यले.
मी उगाच इचारल्यासारखं इचारलं, बाई असंन तं?
रुखमाबाई म्हणे बाईले बायांच्या जेलात टाकतात.
आन तिचं लेकरू असंन तं?
म्हणे तेबी जाते संग. तठी त्याच्या हातावर कोणी काही ठेवत नाही पण.
भाकर गेली नाही. जमीलाभाभी रुपया देऊन गेली तं सारा डोळा रस्त्याकडे होता. माहा. तिचा नाही.

२४ जानेवारी
उपाय सापडला. आज नळावर साऱ्या बाया होत्या. मी मोठ्यानं सांगतलं, आयका व बयांनो, कोणी इचारलं तं खरं ते सांगजा. मी व्याज घेत नाही. उकंड्याच्या हातावर तुम्ही ठेवता ते राजीखुशीनं ठेवता. ठेवलं तं ठेवलं, नाही तं नाही.
म्हातारी तानुबाई बहिरी हाय, तिले दोन खेपा सांगतलं. रुखमाबाईनं मान हालवली. म्हणे बरं झालं सांगतलं व.
जमीलाभाभी नळावर नव्हती. तिले सांगाचं राह्यलं. उद्या सांगीन.
लय हलकं वाटलं. सरकार आलं तं येऊ दे.

३० जानेवारी, बाजार
रुखमाबाईनं दहा परत आणून देल्ले. मी उकंड्याले पुढं केलं. तिनं त्याचा गाल धरला आन निघाली. मी म्हटलं रुखमाबाई? म्हणे काय व? मी म्हटलं काही नाही. म्हणे राजीखुशीचं हाय ना, मंग या बाजारी माही खुशी नाही.
तानुबाईनंबी पाच देल्ले आन उकंड्याच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणे शंभर वर्साचा हो. आता काऊन बरोबर आयकू गेलं तिले?
बाकीच्यायनं तसंच केलं. एकीनं तं शेंगदाणे ठेवले हातावर. त्याले दात नाहीत.
कशी माणसं हायेत. मी अडीनडीले धावून जातो आन यायले लेकराच्या हातावर दोन आणे ठेववत नाहीत.
एकल्या जमीलाभाभीनं रुपया ठेवला. असं माणूस पाह्यजे. तिले नळावरचं अजून सांगतलं नाही. रोजा असते, थकून येते. उद्या सांगीन.

६ फेब्रुवारी, बाजार
सारे पैसे वसूल केले. गाडग्यात तीस हायेत. आता कोणाले एक पैसा देणार नाही. म्हणजे मी आता सावकार नाही. म्हणजे आधीबी नव्हती.
फक्त जमीलाभाभीचे दहा राह्यले. ते काही सावकारीत येत नाहीत, घरातलंच हाय. सातवा रुपया देऊन गेली.
तिले सांगाले गेली होती. बशीरभाऊ बाजीवर पाय पसरून बसले होते. त्यायच्यासमोर कसं सांगाव? परत आली. उद्या.

१३ फेब्रुवारी, बाजार
आठवा. ईद तोंडावर आली, आता सांगून तिले कशाले घोर लावाचा. ईद झाली का सांगीन. पक्कं.

१६ फेब्रुवारी
जमीलाभाभीकडे ईद. शिरखुर्म्याची वाटी घेऊन आली. उकंड्याले मांडीवर घेतलं, त्याच्या हातात ईदी देल्ली. जुनी आठ आण्याची अधेली, राजाच्या डोक्याची. चकचकीत. राखेनं घासली होती तिनं. म्हणे माह्या बच्च्याले पहिली ईद.
मी म्हटलं कशाले व भाभी. म्हणे तुले नाही देल्ली, तू काऊन बोलतेस?
सणाच्या दिवशी पैशाची गोष्ट काढू नये. सांगतलं नाही.

१७ फेब्रुवारी
उकंडा लय रडे. जिलेबीवाला दारावरून गेला. डब्यात वरच अधेली होती.

२१ फेब्रुवारी
काल नववा रुपया.
आज दुपारी जिनात रुखमाबाईची धान्याची पिशवी द्याले गेली तं बाया भाकरी खात होत्या. जमीलाभाभी रुईच्या ढिगाजवळ तशीच बसेल. मी इचारलं जेवली नाही का व भाभी? म्हणे भूक नाही.
बाहेर आल्यावर रुखमाबाईले म्हटलं, ईद होऊन इतके दिवस झाले, तिचा रोजा कसा सुटला नाही?
रुखमाबाई म्हणे रोजा सुटला व, रुपया नाही सुटला. दुपारची भाकर लेकरायले ठेवते, तवा तुह्या पोट्ट्याच्या हातावर रुपया येते.

घरी येऊन अंबाडीची भाजी केली आन तीन भाकरी बांधून तिच्याकडे पाठवल्या. आता जरा बरं वाटलं. ठरवलं. येत्या बाजारी तिचा रुपया घ्याचा नाही. तिले सारं सांगाचं. या डायरीची आन.

२७ फेब्रुवारी, बाजार आन शिमगा
घेतला.
मी उकंड्याले पुढं केलं नव्हतं. मी तं त्याले मांग ओढत होती. तोच पुढं झाला. जमीलाभाभी दारात दिसली का त्यानं हात पसरला. तळवा वर, बोटं उघडी. मी शिकवलं नाही त्याले. आता लेकरानं हात पसरल्यावर ती का परत जाईन?
रात्री होळीत साऱ्यायनं वाईट गोष्टी टाकल्या. मी गोवऱ्या टाकल्या.

५ मार्च, बाजार
आज काय झालं ते लिहाले हात चालत नाही.
सरकारी साह्यब जिनात आला. मेज मांडला. पगाराच्या रांगेतल्या साऱ्या मजूर बायांले बसवलं. मी पाहून घरात कडी लावून बसली. तवढ्यात दार वाजलं. बाहेर रुखमाबाई. म्हणे चाल, साह्यबानं बोलावलं.  उकंड्याले घट्ट धरलं. मनात म्हटलं गाडग्यातले तीस याच्या बापाले कोण देईन?
गेली. साह्यब म्हणे, बाई, या सगळ्यांत तुम्हालाच वाचता येतं म्हणतात. हे मोठ्यानं वाचून दाखवा, माझा घसा बसलाय.
कागद हातात देल्ला. साऱ्या बाया समोर. मी वाचलं.
परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे. कोऱ्या कागदावर अंगठा घेऊ नये. कर्जदारास प्रत्येक रकमेची पावती द्यावी व हिशेब लिहून द्यावा. मुद्दलापेक्षा जास्त घेतलेली रक्कम, मग तिला कोणतेही नाव दिलेले असो, व्याजच समजली जाईल.
इथी मी कागदाची घडी कराले लागली. साह्यब म्हणे, महत्त्वाचं आहे, पुन्हा वाचा.
पुन्हा वाचलं. कोणतेही नाव दिलेले असो. साऱ्या बाया माह्याकडे पाहून राह्यल्या नव्हत्या. उकंड्याकडे पाहून राह्यल्या होत्या. तानुबाई म्हणे काय म्हटलं? तं रुखमाबाईनं तिच्या कानात तिसऱ्यांदा सांगतलं. जोरानं.
जमीलाभाभी मांगच्या रांगेत होती. तिनं खाली पाह्यलं.
साह्यब खूश झाला. म्हणे शाब्बास. आन खिशातून चार आणे काढून उकंड्याच्या हातावर ठेवले. त्यानं मूठ लावली. मी ती मूठ उघडली, चार आणे मेजावर आपटले. म्हटलं नाही साह्यब, आम्ही घेत नाही, देवाशपथ घेत नाही! उकंडा भोकाड पसरून रडला. साह्यब म्हणे अहो बाई, मी काही तुमचा कर्जदार नाही.
बाया हासता हासता वाकल्या.
मंग त्यानं मले कोऱ्या फारमाचा गठ्ठा देल्ला. म्हणे कोणाकडून किती घेतले, किती दिले, ते ज्याचं त्याचं लिहून ठेवा, पुढच्या बाजारी मी घेऊन जाईन. तुमच्यासारखी लिहिणारी बाई इथं आहे हे नशीब.
आज जमीलाभाभी रुपया घेऊन आली नाही. उकंडा दाराकडे पाहे.

६ मार्च
सकाळपासून फारम लिहून राह्यली. दहा जणींचे झाले. सारे पंजाबरावाच्या उचलीचे. रुखमाबाई म्हणे मुकादमाचं नाव मोठं लिही. मी म्हटलं आन माहं? म्हणे तुहे पैसे मी देल्ले, तुहं माहं मिटलं. तू तुह्या घरचं पाह्य.
संध्याकाळी जमीलाभाभी आली. उकंड्यानं हात पसरला. मी तो खाली दाबला. ती म्हणे माहाबी फारम लिही.
मी लिहाले बसली.
म्हणे घेतले दहा. मी लिहिलं दहा.
म्हणे देल्ले. आन बोटावर मोजाले लागली. डिसेंबरचा एक. जानेवारीचे पाच. फेब्रुवारीचे चार. मी डायरी मांडीखाली दाबून धरली होती. तिनं एकबी चुकवला नाही. दहा.
म्हणे बाकी?
मी पेन दौतीत बुडवत राह्यली. म्हणे लिही ना. तुह्या हिशेबानं किती बाकी हायेत?
मी लिहिलं दहा.
कागदावर एका खाली एक आलं. घेतले दहा. देल्ले दहा. बाकी दहा. दोन महिने डबा रोज पाह्यत होती, पण हे असं कधी पाह्यलं नव्हतं.
वरचा रकाना रिकामा होता. सावकाराचं नाव. मी म्हटलं भाभी, हे राहू दे. ती म्हणे काऊन? हातावर तं उकंड्याच्या ठेवले. लिही, उकंडा.
पेन टेकवला. लिहिता आलं नाही. काळाले फसवाले ज्याचं नाव ठेवलं, ते नाव सरकारच्या कागदावर सावकार म्हणून? नाही जमलं. मंग माहं लिहिलं. या चाळीत माहं नाव कोणी घेत नाही, सारे उकंड्याची माय म्हणतात. सोजरा लिहिलं.
मंग बाकीचा दहा खोडला. आन रडली. म्हटलं भाभी, मी नळावर साऱ्यायले सांगतलं होतं का मनानं ठेवा, तुले नाही सांगतलं. रोज म्हटलं उद्या सांगीन.
ती म्हणे मले माहीत होतं. रुखमाबाईनं त्याच दिवशी सांगतलं.
मी म्हटलं मंग काऊन देत राह्यली?
म्हणे तू कवा सांगतेस ते पाहून राह्यली होती.
उकंड्याले तिनं घेतलं. जराशानं म्हणे, यात ईदी नाही लिहिली ना? मी म्हटलं नाही. म्हणे लिहूबी नको. ते दहा व्याजात घाल का मुद्दलात घाल, पण अधेली माह्या लेकाची हाय. काढून ठेव, तिले भोक पाडून काळ्या दोऱ्यात त्याच्या गळ्यात बांधतो. उद्या आणून दे.
फारम घडी करून तिनं घरी नेला. साह्यबाले देशीन का इचाराले तोंड उघडलं नाही.

७ मार्च
डबा उलटा करून पाह्यला. सहा पैसे आन एक शेंगदाणा.
जिलेबीवाल्याकडे गेली. म्हटलं राजाच्या डोक्याची अधेली परत दे, दुसरी देतो. तो म्हणे बाई, ती कवाच गावभर फिरून राह्यली असंन. आन दुसरी कुठी हाय?
दुसरी नव्हती. गाडग्यातले तीस मोडता येत नाहीत.
रुखमाबाईकडून उसने आठ आणे आणले. नवी अधेली, राजा नाही, सिंह हायेत. राखेनं लय घासली. घासून राजा येत नाही.
जमीलाभाभीच्या हातात देल्ली. तिनं उलटून पाह्यली. पालटून पाह्यली. मी म्हटलं तीच हाय. तिनं माह्याकडे नाही पाह्यलं. खिळा घेतला, बशीरभाऊकडून हातोडी घेतली, भोक पाडलं. काळा दोरा ओवला आन उकंड्याच्या गळ्यात बांधला.
म्हणे आता हे कोणाले काढता येणार नाही.

८ मार्च
हे आले. गाडगं पुढं केलं. तीन खेपा मोजलं. म्हणे दहा? मी म्हटलं उकंड्याले लागले. म्हणे औषधाले? मी म्हटलं दुधाले.
खोटं नाही बोलली. नऊ दिवसाचं दूध होतं. त्याचे दहा कमीच हायेत.
हे म्हणे मंग एक टिन कमी येईन. चुलीवरच्या कोपऱ्याले कापसाच्या पऱ्हाट्या टाकू. मी म्हटलं हाव. म्हणजे पाण्याळ्यात गळलं तं माह्याच डोक्यावर गळीन. बरोबर हाय.

१२ मार्च, बाजार
साह्यब फारम घेऊन गेला. त्यात जमीलाभाभीचा होता का नव्हता, मी मोजलं नाही. ती म्हणते माहा फारम पेटीत हाय. काम पडते म्हणे.
आता कोणाले पैसे द्याचे नाहीत, कोणाचे घ्याचे नाहीत. आजपासून सारं साफ.
फक्त रुखमाबाईचे आठ आणे. ते ह्यायच्याकडून मागता येत नाहीत. तिले म्हटलं पुढच्या बाजारी देतो. म्हणे दे ना, घाई कायची, पण साह्यबानं सांगतलं तशी चिठ्ठी लिहून दे.
लिहून देल्ली. घेतले आठ आणे. परत आठ आणे. नाव सोजरा.
तिनं चिठ्ठी कमरेले खोचली. मंग नातवाले कडेवर घेऊन माह्यासमोर उभी राह्यली. काही बोलली नाही. पोट्ट्यानं हात पसरला.
एक आणा ठेवला. तो चिठ्ठीत लिहिला नाही. तो राजीखुशीचा.